अकरावा मॉप

रत्नाबाईंशी भांडायला सहसा कुणी जात नसे, आणि ज्यांना जावं लागलं ते दुसऱ्यांदा गेले नाहीत. बंगळूरात बनशंकरीच्या देवळामागच्या गल्लीत घराच्या पुढच्याच खोलीत त्यांचं शिलाईचं दुकान होतं. वडील पिराजी शिंपी सांगायचे, आपले पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर तंबू शिवायला इकडे आले आणि इथलेच होऊन बसले. याला पुरावा काही नव्हता. पण घरात मराठी टिकून होती, निम्मंअर्धं कन्नड मिसळून का होईना, आणि सुईही टिकून होती.

रत्नाबाई ब्लाउज शिवत नसत. बायका मापं देतात एक आणि जाड होऊन येतात दुसऱ्याच, मग भांडण माझ्याशी, असं त्या म्हणत. त्यांचं खरं गिऱ्हाईक एकच होतं: वरच्या रस्त्यावरचं डॉ. बिंदुमाधव यांचं नर्सिंग होम. तिथल्या चादरी, हिरवे गाऊन, सगळं बारा वर्षं त्यांच्याच मशीनवरून जात होतं. आणि मॉप. पोटाचं ऑपरेशन चालू असताना आत रक्त टिपायला जाळीच्या कापडाचे जे चौकोनी तुकडे वापरतात, त्यांना मॉप म्हणतात. कापडाच्या चार घड्या घालायच्या, कडेने टीप मारायची आणि एका कोपऱ्याला वीतभर नाडी शिवायची. ही नाडी पोटाबाहेर लोंबत ठेवतात, म्हणजे आतला मॉप कुणी विसरत नाही. निदान विसरू नये अशी अपेक्षा असते.

त्या नाडीवर रत्नाबाई दुहेरी टीप मारून मधे एक फुली घालत. वडिलांनी शिकवलेली फुली होती ती, तंबूचे दोर ओढले तरी उसवू नये म्हणून घालायची. पाच-पाच मॉपचा एक गठ्ठा बांधून शंभराची खेप नर्सिंग होमला जायची. आणि शेवटच्या गठ्ठ्यात रत्नाबाई गुपचूप एक मॉप जास्तीचा घालायच्या. त्याला म्हणायचं कोसरु. बंगळूरात फूलवाली हातभर मोजून झाल्यावर वर चार बोटं माळ सोडते, भाजीवाला तोललेल्या घेवड्यावर एक मूठ टाकतो, तेच हे. कोसरु मागायचा नसतो आणि दिला म्हणून सांगायचाही नसतो. नुसता मोजका माल देणारा माणूस कंजूष, असं पिराजींच्या घरचं शिक्षण होतं.

शहाण्णव सालच्या फेब्रुवारीत रत्नाबाईंच्या एकुलत्या एक मुलीचं, सौम्याचं बाळंतपण त्याच नर्सिंग होममध्ये झालं. दुसरीकडे जायचा प्रश्नच नव्हता. डॉक्टरांच्या हाताला यश आहे, हे गल्लीभर सांगत फिरलेल्या रत्नाबाईच. आणि त्यात खोटं काही नव्हतं; गल्लीतली निम्मी पोरं त्याच हातांवर जन्मली होती. सौम्याचं पोट उघडावं लागलं, पण मुलगी झाली, सव्वातीन किलोची, आल्या आल्या सगळ्यांवर ओरडणारी. आजीवर गेली म्हणून खंडोजींनी, रत्नाबाईंच्या यजमानांनी, पेढे वाटले.

महिन्याभराने सौम्याचं पोट दुखायला लागलं.

डॉक्टर म्हणाले गॅस आहे. दुसऱ्यांदा म्हणाले, स्वल्प टेन्शन आहे, पहिलटकरणीला होतं. मग बारीक ताप येऊ लागला, जेवण जाईना, तेव्हा नवरा श्रीकांत आणि सासू तिला सासरहून, हेब्बाळहून, तिसऱ्यांदा घेऊन आले. त्या दिवशी बाहेर पंचवीस पेशंट ताटकळत होते. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला न ठेवला आणि सासूकडे बघून म्हणाले, "हिला काही झालेलं नाही. घरकाम नको असलं की काही मुलींना असं होतं."

डॉक्टर कदाचित संध्याकाळपर्यंत हे वाक्य विसरूनही गेले असतील. सासू विसरली नाही. सौम्या पोटावर हात दाबून ओट्याशी उभी राहिली की ते वाक्य बाहेर यायचं. जुलैत श्रीकांतने तिला आणि बाळाला माहेरी आणून सोडलं. "नाटकं संपली की कळवा," एवढं बोलून तो गेला. बी.ए. झालेला मुलगा, सरकारी नोकरीतला! रत्नाबाईंनी त्याला दारातच धुऊन काढायला हवा होता. पण त्या गप्प बसल्या, कारण त्यांच्याही मनात किडा वळवळत होताच. डॉक्टर एवढे शिकलेले, एवढा हातगुण, ते उगाच कशाला म्हणतील?

एका दुपारी सौम्याने भाताचं ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, "आई, फार दुखतंय गं." मशीनवर खेपेची घाई होती. रत्नाबाई वर न बघताच म्हणाल्या, "पुरे झाले नखरे. डॉक्टर काय मूर्ख आहेत?"

सौम्याने ताट ओढून घेतलं आणि सगळा भात संपवला. त्यानंतर दुखतंय हा शब्द तिने आईपुढे कधी काढला नाही.

ऑक्टोबरात गच्चीवर कपडे वाळत घालताना ती कोसळली. खंडोजी आणि रत्नाबाईंनी ऑटो करून तिला सरकारी इस्पितळात नेलं. तिथे एक तरुण सर्जन होता, दाढी वाढलेला, डोळे तांबारलेले. त्याने पोटावर हात फिरवला, फोटो काढायला लावला आणि तासाभरात तिला टेबलावर घेतलं. दुपारी चारच्या सुमारास नर्स बाहेर आली आणि नातेवाइकांपैकी कुणीतरी या म्हणाली. काढलेली वस्तू घरच्यांना दाखवायची त्यांची पद्धत होती. स्टीलच्या ट्रेमध्ये हिरवट, सडका, घाण वासाचा एक गोळा होता. त्याच्यापायी दीड वीत आतडंही कापावं लागलं, असं सर्जन म्हणाला. मग चिमट्याने त्याने गोळ्याचं एक टोक उचललं. नाडी लोंबू लागली.

"कापड आहे," तो म्हणाला. "आधीच्या ऑपरेशनचं."

रत्नाबाईंनी पदर नाकाला लावला आणि वाकून बघितलं. दुहेरी टीप. मधे फुली.

त्या किंचाळल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्यांनी सर्जनला फक्त एवढंच विचारलं, की ही वस्तू टाकून तर देणार नाही ना? तो म्हणाला, बरणीत औषधात घालून ठेवतो, कागदावर लिहूनही ठेवतो. या पोराची दृष्ट काढावी असं त्यांना वाटलं.

आठवड्याने सौम्या धोक्याबाहेर आली, तशा रत्नाबाई नर्सिंग होमच्या पायऱ्या चढल्या. आपला माणूस आहे, चूक झाली म्हणेल, हात धरेल, मग बघू, असं त्यांच्या मनात होतं. डॉक्टर बिंदुमाधवांनी रजिस्टर मागवलं. "रत्नाक्का, हे बघा. मॉप दिले दहा, परत आले दहा. हिशेब बरोबर आहे. तो मॉप आमचा नाही."

"सौम्याचं पोट आयुष्यात एकदाच उघडलंय, डॉक्टर. ते तुम्ही उघडलंय."

"रजिस्टर खोटं बोलत नाही."

"मग माझी मुलगी बोलते का?"

डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. त्या महिन्यापासून चादरींचं काम दुसऱ्या शिंप्याकडे गेलं.

वर्षभरापूर्वीच दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होता, की पैसे घेऊन उपचार करणारे डॉक्टरही ग्राहक कायद्यात येतात. त्यावरून डॉक्टरमंडळी फार चिडली होती. आम्हाला काय किराणा दुकानदार समजता, असं वर्तमानपत्रांतून रोज येत होतं. रत्नाबाईंना हे कळलं वकीलबाईंकडून. शिवलीला ही निपाणीकडची मुलगी, पलीकडच्या गल्लीत भाड्याने राहायची आणि स्कूटरवरून कोर्टात जायची. तिने कागद वाचले आणि म्हणाली, "मावशी, ही केस नाही लढायची तर कुठली लढायची हो?" तक्रार सौम्याच्या नावाने ग्राहक मंचात दाखल झाली.

उन्हाळ्यात नर्सिंग होमकडून बोलावणं आलं. या वेळी खुर्ची, कॉफी, सगळं होतं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. एक लाख रुपये मिळणार. तक्रार मागे घ्यायची, कुठे बोलायचं नाही आणि यात कुणाचीही चूक नव्हती हे मान्य करायचं. खंडोजी आणि शिवलीला बरोबर आले होते. काम करत ती गिरणी बंद पडल्यापासून खंडोजींनी एवढी रक्कम नुसती ऐकलीही नव्हती.

"अगं, घे," ते मराठीत पुटपुटले. "पोरीच्या औषधाला होतील. कोर्टात काय मिळणार?"

रत्नाबाईंनी शिवलीलाकडून कागद दोनदा समजून घेतला. मग डॉक्टरांना म्हणाल्या, "पैसे स्वल्प कमी करा, चालेल. एक ओळ वाढवा. मॉप आमच्याकडून राहिला आणि सौम्या खरं बोलत होती. एवढंच."

डॉक्टरांचा चेहरा पडला. ते वाईट माणूस नव्हते, हे रत्नाबाईंनाही ठाऊक होतं. "रत्नाक्का, ही एक ओळ लिहिली तर माझी बावीस वर्षं त्या ओळीखाली जातील. मी हजारो बायका सोडवल्यात. उद्या प्रत्येक जण कोर्टात ओढायला लागला, तर अडलेल्या बाईला हात कोण लावेल? आम्ही दुकानदार नाही आहोत."

"मी आहे ना दुकानदार!" रत्नाबाई उभ्या राहिल्या. "माझी टीप उसवली तर मी उसवली म्हणते आणि फुकट मारून देते. तुमचा हात चांगला आहे, हे गल्लीभर मीच सांगितलं. हात चांगला असला की मोजायचं नसतं का? आणि माझ्या मुलीला तुम्ही चार माणसांत कामचुकार म्हणालात, ते कुठल्या कॉलेजात शिकवतात? तिचं घर त्या एका वाक्यावर मोडलंय. ते वाक्य तुम्ही बोललात, तुम्हीच परत घ्यायचं. लाख रुपये घेऊन मी तिला आयुष्यभर खोटी ठरवू?"

कॉफी तशीच राहिली. 

सुनावणीच्या आधी शिवलीला रजिस्टरची नक्कल घेऊन दुकानात आली. तिला एकच गोष्ट खुपत होती. "मावशी, हे बघा की. गठ्ठे दोन, मॉप दहा. परत दहा. एक आत राहिला तर दहा परत आले कसे? खोटं लिहिलं म्हणावं तर शाई एकच, अक्षर एकच. रजिस्टर लिहिणारी सिस्टर अंजली सरळ बाई आहे."

रत्नाबाईंनी नक्कल हातात घेतली. गठ्ठे दोन. त्यांचा मशीनवरचा पाय थांबला. मग त्यांच्या तोंडून आवाज निघाला, तो ऐकून सौम्या आतून धावत आली.

"अकरा होते," रत्नाबाई म्हणाल्या. "त्यातला एक गठ्ठा शेवटचा होता. मी कोसरु घातला होता."

शिवलीलाला कोसरु समजावून सांगावा लागला. समजल्यावर तिने आधी दार लोटलं. "हे कुणाला बोलू नका. बिलकूल नाही! मॉप पोटात सापडला, पोट एकदाच उघडलंय, एवढं आपल्याला पुरे आहे. तुम्ही हे बोललात तर ते सगळं तुमच्या गळ्यात घालतील. तक्रारवालीच्या आईनेच घोळ केला म्हणतील आणि केस उडेल, मावशी."

रत्नाबाई बारा वर्षांच्या खेपा मनातल्या मनात मोजत बसल्या. आपल्याच हातचा तुकडा, आपल्याच औदार्याचा, आपल्याच पोरीच्या पोटात! दोन दिवस त्यांनी मशीनला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्या शिवलीलाच्या दारात उभ्या राहिल्या. "मी बोलणार. त्यांना एक ओळ लिहा म्हणून मी नाक वर करून सांगून आले आणि माझी ओळ पदराखाली लपवू? मग मला त्यांना विचारायला तोंड कुठलं?"

"केस गेली तर?"

"जाऊ दे. पण मी माझं बोलले नाही, तर जिंकूनही मी डॉक्टरच."

मंचाची खोली लहान होती. वर पंखा कुरकुरत होता आणि टेबलावर ती बरणी ठेवलेली होती. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, बाजूला दोन सभासद. डॉक्टरांच्या वकिलाने रत्नाबाईंना उभं केलं ते त्यांना खोटं पाडायलाच. "ही फुली कुठलाही शिंपी घालू शकतो. आणि दहापैकी दहा परत आले असताना आमचा मॉप आत राहीलच कसा?"

"अकरा होते," रत्नाबाई कन्नडमध्ये स्पष्ट म्हणाल्या. "अकरावा मी घातला होता. कोसरु म्हणून. सांगितला नव्हता. ती माझी चूक."

 शिवलीलाने डोळे मिटून घेतले. डॉक्टरांच्या वकिलाला आपल्या नशिबावर विश्वास बसेना. "म्हणजे या सगळ्याला तुम्ही जबाबदार आहात!"

"माझ्या वाट्यापुरती आहे. लिहून घ्या, मी सही करते." मग त्या अध्यक्षांकडे वळल्या. "साहेब, मी गठ्ठा बांधणारी. पोट उघडणारी नाही. उघडण्याआधी गठ्ठा सोडून आतले तुकडे मोजायचे की वरची गाठ बघून पाच लिहायचे? माझ्याकडून मोजून घ्यायचं काम कुणाचं होतं?"

अध्यक्षांनी सिस्टर अंजलीला पुढे बोलावलं. चाळिशीची, शांत बाई.  अध्यक्षांनी विचारलं, ऑपरेशननंतर मोजताना कधी एखादा मॉप जास्त भरला होता का?

अंजलीने डॉक्टरांकडे बघितलं, मग बरणीकडे. "हो, सर. पुष्कळदा. आम्ही हसायचो. रत्नाक्काचा कोसरु म्हणायचो आणि बाजूला ठेवायचो."

"म्हणजे गठ्ठ्यात कधी कधी सहा असतात, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो, सर."

"तरी आधी मोजत नव्हता?"

"डॉक्टरांना घाई असायची, सर. गठ्ठ्याला पाच, असंच लिहायचो."

डॉक्टर बिंदुमाधव खाली मान घालून बसले होते. रत्नाबाई त्यांच्याकडे टक लावून बघत राहिल्या. आता तरी उठेल, आता तरी चूक झाली म्हणेल, असं त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं. ते उठले ते थेट दाराकडे गेले, गाडीत बसले आणि निघून गेले. दोन बाया भर खोलीत खरं बोलल्या, आणि एवढा मोठा डॉक्टर नुसता दोन शब्दांना घाबरला!

निकाल सत्त्याण्णवच्या डिसेंबरात लागला. तक्रार मान्य झाली. साठ हजार रुपये. तडजोडीपेक्षा चाळीस हजार कमी, हे खंडोजींनी लगेच बोलून दाखवलं आणि मग स्वतःच जीभ चावली. निकाल इंग्रजीत होता. रत्नाबाईंनी शिवलीलाला रकमेपाशी थांबूच दिलं नाही. "ती ओळ आहे का? तेवढं बघ."

ओळ होती. शिवलीलाने ती मराठीत करून वेगळ्या कागदावर लिहून दिली: शिंपिणीने जास्तीचा तुकडा घातला होता, तरी मोजण्याची जबाबदारी ऑपरेशन करणाऱ्यांचीच होती, तक्रारदार स्त्रीच्या वेदना सुरुवातीपासून खऱ्या होत्या आणि त्यांना ढोंग म्हणणे हा निष्काळजीपणाचाच भाग होता.

बातमी हेब्बाळपर्यंत पोहोचली. रविवारी श्रीकांत आला, हातात मिठाईचा पुडा घेऊन. झालं गेलं विसरू या, असं काहीतरी तो दारातच म्हणाला. रत्नाबाई कात्री ठेवून उठल्याच होत्या, पण सौम्या त्यांच्या आधी पुढे गेली. तिने कागद त्याच्यापुढे धरला. "मोठ्याने वाच."

"आत तर येऊ दे."

"आधी वाच. मग बघू."

त्याने उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचलं. ढोंग या शब्दाशी अडखळला, तेव्हा तिने त्याला परत पहिल्यापासून वाचायला लावलं. समोरच्या खिडकीतल्या बायका पोळ्या करायच्या थांबल्या. मग तिने मिठाईचा पुडा घेतला, त्याला पायरीवरच बसायला सांगितलं आणि आत आली. कागद तिने आईच्या मशीनवर ठेवला.

"आता तू," ती म्हणाली.

रत्नाबाईंनी कागद उचलला.  त्यांनी ओळ मोठ्याने शेवटपर्यंत वाचली आणि कागद खाली ठेवला.

"मी नखरे म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "परक्या माणसावर विश्वास ठेवला आणि पोटच्या पोरीवर नाही. माझी चूक झाली, सौम्या."

 सौम्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसली आणि तिने आईचा हात धरून आपल्या पोटावर, डाव्या बाजूला ठेवला.

"अजून दुखतं, आई," ती म्हणाली. "इथे. थंडीत फार."